दारातून बाहेर गेलेला क्रँक: एका बोअरिंग वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे वर्कशॉप. इंजिनाचा झिजलेला क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) घासून, म्हणजे ग्राइंडिंग करून, आणि ब्लॉकमधली सिलिंडरची भोकं कोरून, म्हणजे बोअरिंग करून, पुन्हा मापात आणणारं. मालकांना इथे बापू म्हणू. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे ढोबळ केले आहेत, आणि लिहायला बापूंची परवानगी आहे. त्यांचे हिशेब आणि विवरणपत्रं मीच पाहतो. म्हणजे मी या प्रकरणात तिऱ्हाईत नाही, थोडा आरोपीही आहे. ते ओघाने येईलच.

बापूंनी आयटीआय केलं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आठ वर्षं क्रँक ग्राइंडिंगवर काढली आणि मग गावी येऊन स्वतःचं शेड टाकलं. क्रँक ग्राइंडिंग, ब्लॉक बोअरिंग, लायनर बसवणं, होनिंग, हेड फेसिंग अशी कामं. सुरुवातीला निम्मं काम मोटरसायकलींचं असे. पुढे तयार ब्लॉक-पिस्टनचे किट स्वस्तात मिळू लागले आणि ते काम आटलं. आता राहिलं ते ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीचे ट्रक, जेसीबी, बोअरवेलचे कॉम्प्रेसर आणि जनरेटरचं.

या धंद्याची एक खोड बाहेरच्या माणसाला दिसत नाही. इंजिन गॅरेजमध्ये उघडतं; क्रँक आणि ब्लॉक मेकॅनिक पाठवतो; काम झालं की मेकॅनिकच उचलून नेतो. मग पैसे कुणी द्यायचे? गाडीमालक म्हणतो मेकॅनिकला दिले, मेकॅनिक म्हणतो मालक बिल निघाल्यावर देणार आहे. वहीत नाव मात्र 'निळा ट्रॅक्टर, अमुक मिस्त्री' एवढंच.

दुसरी खोड हंगामाची. गर्दी दोनदा होते: पेरणीआधी मे-जूनमध्ये आणि गाळप सुरू होण्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ऊस वाहतूकदाराचं इंजिन दसऱ्याला दुरुस्त होऊन पुन्हा जोडलं जातं, त्याच्या हातात पैसा मात्र हंगाम चालू झाल्यावर येतो. काम आधी, पैसे मागाहून, हे ठरलेलंच.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात जुनं क्रँक ग्राइंडर कमरेइतक्या पाण्यात उभं होतं. साफ केलं, चालूही झालं, पण बेडच्या स्लाइड गंजल्या त्या गंजल्याच. जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) टेपर येऊ लागला, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक. बापू तो मायक्रोमीटरने पकडायचे, पुन्हा चालवायचे, वेळ दुप्पट जायचा. दोन गॅरेजवाल्यांनी क्रँक दुसऱ्या गावाला पाठवायला सुरुवात केली. तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये बापूंनी नवं ग्राइंडर घेतलं. सुमारे १५ लाखांचं मशीन, त्यातलं १२ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ४८ महिन्यांसाठी, हप्ता सुमारे ३१,००० रुपये. उरलेल्या तीन लाखांसाठी वहिनींचे दागिने पतसंस्थेत गेले.

अडचण नेमकी कुठे होती

मार्च २०२३ मध्ये बापू माझ्याकडे आले ते पाच लाखांच्या नव्या कर्जाचे कागद करायला. "काम भरपूर आहे, फक्त भांडवल कमी पडतंय," असं त्यांचं म्हणणं. भरपूर काम असलेल्या माणसाला महिनाअखेर पगार करायला उसनवारी का करावी लागते, एवढाच प्रश्न मी विचारला. मग वहिनींच्या सगळ्या वह्या मागवल्या आणि तीन संध्याकाळी आम्ही तिघं बसलो.

साधारण महिना असा दिसला. मजुरीची बिलं १,७०,००० ची. खर्चात तीन माणसांचे पगार ५३,०००, वीज १४,०००, ग्राइंडिंग व्हील, होनिंग स्टोन, टूलबिट, कूलंट मिळून ९,०००, भाडं १५,०००, मशीनचा हप्ता ३१,०००, सात लाखांच्या सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचं) व्याज ६,५००, देखभाल आणि किरकोळ ११,५००. बेरीज १,४०,०००. कागदावर ३०,००० उरतात, घरखर्चाला बापू २५,००० उचलतात. कुठेच गळती दिसत नाही.

गळती वसुलीत होती. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याची बिलं २,००,६०० होत, आणि हातात येत सुमारे १,५६,०००. जीएसटी बिलावर भरायचा असतो, पैसे आले की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. खरेदीवरचा आणि सरकारात भरायचा मिळून ३०,६०० रुपये दर महिन्याला जात. म्हणजे बाहेर जाणारे १,७०,६००, त्यावर घरचे २५,०००. दर महिन्याला ३९,६०० कमी. वर्षाला पावणेपाच लाख. तो खड्डा आधी सीसीने भरला, मग स्पेअर पार्टवाल्याकडच्या थकबाकीने, आणि आता पाच लाखांचं नवं कर्ज भरणार होतं.

त्याच वर्षात गिऱ्हाईकांकडचं येणं ५,३५,००० ने वाढलं होतं. एकूण येणं ९ लाख ८० हजार, ६२ नावं. निम्मी रक्कम सात नावांवर, त्यात एकट्या माती-खडीच्या ठेकेदाराकडे २ लाख ९० हजार. बापू स्वतः ११ टक्क्यांनी पैसे आणून गावाला बिनव्याजी वाटत होते. हे मी बोलून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग बँकच काढा की, निदान खुर्चीत तरी बसाल."

दुसरी गोष्ट दराची. दर बापूंनी कधी काढलाच नव्हता. शेजारच्या गावात जो चालतो तो घेतला होता. क्रँकला प्रत्येक जर्नलमागे २५० रुपये. चार सिलिंडरच्या क्रँकला पाच मेन (ब्लॉकमध्ये फिरणारे) आणि चार पिना (पिस्टनचे रॉड बसतात त्या), म्हणजे नऊ जर्नल, २,२५० रुपये. मशीनवर चढवणं, थ्रो लावणं, पिनांचं सेटिंग, मोजमाप धरून साडेतीन तास. आम्ही दोन्ही मशीनांचा तासाचा खर्च वेगळा काढला. नव्या ग्राइंडरवर हप्ता, कारागीर, वीज, व्हील, भाड्याचा वाटा मिळून महिन्याला ७५,००० पडत आणि ते प्रत्यक्षात चालत होतं ११० तास. तासाला जवळपास ६८० रुपये. साडेतीन तासांचे २,३८०. म्हणजे प्रत्येक क्रँकमागे सव्वाशे-दीडशे रुपये खिशातून.

जुन्या बोअरिंग मशीनचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. त्याचा तासाचा खर्च २८० च्या आसपास, एका बोअरला पाऊण तास, दर ३५०. तिथे पैसे उरत होते. बापू ज्या मशीनकडे बोट दाखवून पाहुण्यांना चहा पाजत ते मशीन बसून खात होतं, आणि कोपऱ्यातलं तेलकट बोअरिंग सगळ्यांना पोसत होतं. मशीन घेताना त्यांनी दिवसाला चार क्रँक धरले होते. आले सव्वा.

समोर असलेले पर्याय

नवं कर्ज तयार होतं. बँकेला हप्ते वेळेवर मिळत होते, खातं स्वच्छ होतं, मॅनेजरना वाढीव कर्ज द्यायला अडचण नव्हती. पण खड्डा वर्षाला पावणेपाच लाखांचा असेल तर पाच लाख जेमतेम वर्षभर पुरले असते, आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढलेला असता. हा पर्याय बापूंना सर्वांत सोपा वाटत होता म्हणूनच मला त्याची धास्ती होती.

दुसरा पर्याय मशीन विकण्याचा. दलालाने ८ लाख सांगितले. कर्ज शिल्लक होतं साडेनऊ लाख. दीड लाख घालून मशीन द्यायचं आणि फक्त बोअरिंगवर राहायचं. आकड्यात हे वाईट नव्हतं. पण मेकॅनिक ब्लॉक एका गावाला आणि क्रँक दुसऱ्या गावाला पाठवत नाही. क्रँक गेला की ब्लॉकही जातो, असं बापूंचं म्हणणं. ते मला पटलं.

कर्जाची मुदत वर्षभर वाढवली तर हप्ता साडेसहा हजारांनी उतरला असता. बँकेत विचारलं. अडचणीपोटी मुदत वाढवली की खात्यावर पुनर्रचनेचा शिक्का बसतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, असं मॅनेजरनी स्पष्ट सांगितलं. ते सोडून दिलं.

जीएसटीत कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यवसायांची ठोक दराची योजना, घ्यावं का, हाही विचार झाला. ५० लाखांच्या आतल्या सेवा व्यवसायाला सहा टक्के भरून मोकळं होता येतं. शेतकरी गिऱ्हाईक एकूण रक्कम बघतं, करापायी त्याचं काही अडत नाही. तेवढ्यापुरता हा पर्याय फायद्याचा होता. पण हद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या दोन नोंदणीकृत गॅरेजांचं काम बापूंकडे येतं आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर पुरवठा करता येत नाही. ती दोन गॅरेजं रोखीची. त्यांना सोडण्यात अर्थ नव्हता.

उरले दोन कडू पर्याय: क्रँकचा दर वाढवायचा, आणि पैसे मिळेपर्यंत क्रँक दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

बापूंचा खरा विरोध दुसऱ्याला होता. "लोकांची वस्तू अडवून ठेवायची म्हणजे गुंडगिरी झाली." इथे मी त्यांना भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १७० वाचून दाखवलं. वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च करणाऱ्याला, वेगळा करार नसेल तर, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यातच दोन उदाहरणं दिली आहेत. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. पण शिंप्याने कोट शिवून झाल्याबरोबर द्यायचं आणि पैशाला तीन महिने थांबायचं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. बापू दुसऱ्या उदाहरणावर बराच वेळ गप्प होते. वीस वर्षं ते तोच शिंपी होते.

मग त्यांना हुरूप आला. ठेकेदाराचा एक क्रँक त्याच वेळी शेडमध्ये पडून होता. "तो जुन्या २ लाख ९० हजारांसाठी अडवतो." तसं करता येत नाही. कलम १७० चा हक्क त्या वस्तूवर केलेल्या त्या कामापुरताच. जुन्या येण्यापोटी वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये बँकांसारख्या मोजक्यांनाच आहे. हा बारकावा लक्षात घेतला नसता तर प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं असतं.

काय केलं

एप्रिल २०२३ पासून जॉबकार्ड आलं. त्यावर गाडीमालकाचं नाव आणि फोन, आणलेल्या मेकॅनिकचं नाव, मोजमाप, ठरलेली रक्कम, 'पैसे कोण देणार' असा रकाना आणि सही. मोजमाप झाल्यावर निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली दिल्याशिवाय वस्तू हलणार नाही. मेकॅनिकचं दहा टक्के कमिशन पूर्वी काम आणल्याबरोबर मिळे, आता पूर्ण वसुली झाल्यावर. 'आज रोख उद्या उधार'ची पाटी भिंतीवर पहिल्यापासून होती. ती मात्र बापूंनी काढून टाकली, कारण तिला हसण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं.

जर्नलचा दर २५० वरून ३०० केला. बोअरिंगला हात लावला नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती फुकट असते, आधारवर होते आणि जुलै २०२० पासून पोर्टल चालू आहे. तरी ती झालेली नव्हती, याला मी कारण. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण नोंदणीआधीच्या बिलांना हे संरक्षण मिळणं अवघड, त्यामुळे जुन्या ९ लाख ८० हजारांना त्याचा उपयोग नव्हता.

जुन्या येण्यासाठी वेगळा मार्ग धरला. तीन वर्षांची मुदत उलटली की दावा बुडतो. मुदतीच्या आत कर्जदाराने सही करून बाकी कबूल केली की मुदत नव्याने सुरू होते. वहिनींनी नावनिहाय उतारे काढले आणि बापू दर रविवारी दोन घरी जाऊन 'एवढी बाकी मान्य' अशी सही घेऊन आले. पैसे मागायला नव्हे, फक्त सहीला. काहींनी सही करण्यापेक्षा पैसे देणं पसंत केलं. ठेकेदाराशी १ लाख ९० हजारांवर तडजोड झाली, चार हप्त्यांत.

काय झालं

पहिले तीन महिने वाईट गेले. महिन्याला ३१ क्रँक यायचे ते २४ वर आले. तासाच्या हिशेबाने तोटा वाढला, कारण हप्ता तोच आणि तास कमी. बापूंनी जुलैत मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वही वेगळं सांगत होती. आधी ३१ क्रँकचे ६९,७५० होत आणि प्रत्यक्ष येत ५४,४०० च्या आसपास. आता २४ चे ६४,८००, सगळे रोख. त्या महिन्यात सीसी पहिल्यांदा मर्यादेखाली आली.

सर्वांत मोठा फटका वेगळ्याच बाजूने बसला. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बापूंनी बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून ग्राइंडरवरच्या मिस्त्रींचा पगार दोनदा वीस-वीस दिवस लांबवला होता. मिस्त्री तेव्हा काही बोलले नाहीत. जूनमध्ये, ऐन गर्दीत, कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरून गेले. बापू स्वतः मशीनवर उभे राहिले. दिवसा गिऱ्हाईक, रात्री ग्राइंडिंग. अशाच एका रात्री ०.५० चं बेअरिंग (०.५० मिमी घासलेल्या पिनांना बसणारं) मागवलेल्या क्रँकची एक पिन त्यांच्या हातून त्या मापापेक्षा बारीक घासली गेली. सगळ्या पिना ०.७५ ला नेता आल्या असत्या, पण त्या इंजिनला ते बेअरिंग आठवडाभर मिळेना, आणि पेरणी तोंडावर. शेवटी नवा क्रँक घेऊन दिला, १३,५०० ला. नवा कारागीर ऑक्टोबरमध्ये मिळाला, २८,००० वर. जुन्याला २४,००० वेळेवर दिले असते तर तो राहिला असता, असं बापू अजून म्हणतात.

पहिला अडवलेला क्रँक बापूंच्या मेव्हण्याचा होता. तो १९ दिवस शेडमध्ये राहिला, घरात बोलणं बंद झालं, गणपतीला पाहुणे आले नाहीत. पण ही बातमी गॅरेजांत फिरली आणि 'सख्ख्या मेव्हण्याला सोडला नाही' म्हटल्यावर बाकीच्यांनी वाद घालणं सोडलं. पाटीने जे वीस वर्षांत झालं नाही ते मेव्हण्याने केलं.

मार्च २०२४ मध्ये अनपेक्षित मदत आयकर कायद्याकडून आली. कलम ४३ब मध्ये नव्याने घातलेल्या (ज) खंडाप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर ते देईपर्यंत खर्च म्हणून वजावट मिळत नाही. २०२३-२४ हे त्याचं पहिलं वर्ष. उधारी बंद केली तरी ठेकेदाराला मात्र लेखी ३० दिवसांची उधारी ठेवली होती आणि ८४,००० थकले होते. पूर्वी फोन न उचलणाऱ्या त्याच्या हिशेबनीसाने स्वतः फोन केला, बिलांवरचा उद्यम क्रमांक ताडून पाहिला आणि ३१ मार्चच्या आत पैसे खात्यावर टाकले. त्यानंतर त्या ठेकेदाराचं एकही काम आलं नाही. नोंदणी नसलेल्या वर्कशॉपकडे तो गेला असं कळलं.

मार्च २०२५ चे आकडे: महिन्याला २९ क्रँक, म्हणजे ७८,३०० रुपये, नव्या मिस्त्रींचा वाढीव पगार धरला तर मशीन अजून स्वतःच्या पायावर पुरतं उभं नाही, सातशे रुपये कमीच पडतात. येणं ४ लाख २० हजार, सीसी ४ लाख ६० हजार. १ लाख ७० हजार बुडीत म्हणून सोडले. त्यांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तोही गेला. दागिन्यांपैकी पाटल्या सुटल्या, हार अजून पतसंस्थेत आहे. मशीनचे बारा हप्ते बाकी.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन घ्यायला नको होतं असं मी म्हणणार नाही. टेपर येणाऱ्या मशीनवर धंदा टिकला नसता. पण घेण्याआधी महिनाभर फक्त एक वही ठेवायला हवी होती: कुठला क्रँक किती वाजता चढला, किती वाजता उतरला. दिवसाला चारचा अंदाज तिथेच कोसळला असता, आणि कदाचित वापरलेलं, निम्म्या किमतीचं मशीन बघितलं गेलं असतं.

दरवाढ आणि उधारीबंदी एकदम करायला लावणं ही माझी चूक. गिऱ्हाईक कशामुळे गेलं हे कळायला मार्ग राहिला नाही. आधी जॉबकार्ड, हंगाम संपल्यावर दर, असं केलं असतं तर मिस्त्री गेले त्या जूनमध्ये बापूंवर दोन्ही बाजूंनी ताण आला नसता.

आणि आधी म्हटलेला माझा गुन्हा. बापूंचा ताळेबंद मी दर वर्षी करत होतो. येण्याची ओळ दर वर्षी फुगत होती, मी ती बेरजेला जुळते का एवढंच पाहत होतो. करविवरणाची फी घेणारा माणूस त्या ओळीबद्दल विचारत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारलेलं फारसं आवडून घेत नाही. उद्यम नोंदणी २०२० मध्येच झाली असती तर ठेकेदाराच्या २ लाख ९० हजारांवर एक लाख सोडावे लागले नसते, निदान इतक्या सहज नाही.

एक प्रश्न सुटलेला नाही. शेडच्या मागच्या भिंतीला लाकडी घोडीवर सात क्रँक उभे आहेत, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले. आगाऊ रक्कम दिली आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही. सर्वांत जुना ऑगस्ट २०२३ चा. त्याच्या मालकाने ट्रॅक्टरच विकला असं ऐकतो. कलम १७० वस्तू ठेवून घेण्याचा हक्क देतं, विकण्याचा देत नाही. बापू दर महिन्याला त्यांचा कागद बदलतात, गंज पाहतात आणि पुन्हा गुंडाळून ठेवतात.